जुन्या वर्गमित्रांचा साताऱ्यातला मुक्काम: पहिल्यांदाच आखणाऱ्यांसाठी

ग्रुपवर "एकदा भेटायलाच पाहिजे" असं सगळे लिहितात, फोन फिरवायला मात्र एखादाच बसतो. हा लेख त्या एकासाठी किंवा एकीसाठी आहे. कॉलेज सुटून पंधरा, वीस, पंचवीस वर्षं झालेली, माणसं पुणे-मुंबई-सांगली-कोल्हापूर अशी पांगलेली आणि हातात शनिवार दुपार ते रविवार दुपार एवढाच वेळ, असं धरून पुढचं लिहिलं आहे. संख्या वीस ते पंचवीस. साताऱ्याचा फायदा म्हणजे पुण्याहून ११० किलोमीटर, सांगली-कोल्हापूरकडून सव्वाशेच्या आसपास आणि मुंबईहून अडीचशेच्या घरात. कुणालाच फार लांब पडत नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवून टाका. ही सहल नाही, ही भेट आहे. पाच ठिकाणं बघायची यादी केलीत तर दोन दिवस गाडीत जातील आणि ज्यांच्यासाठी आलात त्यांच्याशी बोलणं चहाच्या टपरीवर उरकेल. एका मुक्कामात एकच ठिकाण, फार तर एकाच रस्त्यावरची दोन. बाकी वेळ मोकळा सोडायचा. मोकळा म्हणजे वाया नव्हे. खरी भेट त्याच वेळात होते.

तिघांची टीम आणि नावांची यादी

तिघंच घ्या. एकाकडे माणसं आणि फोन, एकाकडे पैसे, एकाकडे जागा आणि जेवण. पाच-सहा जणांची समिती केली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. जागा-जेवणवाला शक्यतो साताऱ्यात राहणारा असावा, कारण मुक्कामाची जागा डोळ्यांनी बघून येणं फोनवरून होत नाही. वर्गातला एक तरी मित्र साताऱ्यात राहिलेला असतोच.

यादी करताना ग्रुपमध्ये आहेत तेवढेच धरू नका. शेवटच्या वर्षाचा ग्रुप फोटो काढा, रांगेने नावं लिहा आणि प्रत्येक नावापुढे "संपर्क कुणाचा" ते लिहा. मुलींच्या बाबतीत हे काम जास्त चिकाटीचं आहे. लग्नानंतर आडनाव बदललेलं असतं, कधी नावही, त्यामुळे समाजमाध्यमांवर शोधून सापडत नाही. त्यांच्या वेळच्या जवळच्या मैत्रिणीमार्फतच पोहोचा, नंबर आधी तिला विचारून मगच ग्रुपवर टाका. पहिला फोनही मैत्रिणीनेच केलेला बरा. अनोळखी नंबरवरून "ओळखलंस का?" असा पुरुषाचा आवाज आला तर बऱ्याच जणी फोन ठेवून देतात, आणि त्यात त्यांची चूक काही नाही.

प्रत्येकाला एक तरी प्रत्यक्ष फोन जायला हवा. ग्रुपवर जे गप्प असतात ते नाराज असतात असं नाही. कुणाची नोकरी गेलेली असते, कुणाचं घरात आजारपण असतं, कुणाला वाटतं सगळे पुढे गेले आणि आपण मागे राहिलो. फोनवर बोलताना हे कळतं, आणि "तू ये, बाकी आपण बघू" एवढं वाक्य त्याला आणायला पुरतं. ज्याला पैशाची अडचण आहे त्याची वर्गणी दोघातिघांनी परस्पर भरावी, ग्रुपवर त्याचा उल्लेखही नको.

तारीख

किमान आठ ते दहा आठवडे आधी. ग्रुपवर "कधी जमेल?" असा मोकळा प्रश्न टाकलात तर वीस जण वीस तारखा सांगतील. तिघांनी मिळून दोनच तारखा काढा, मतदान लावा, तीन दिवसांत बंद करा आणि जास्त मतांची तारीख पक्की. नंतर कुणीही कितीही गळ घातली तरी हलवायची नाही. एकासाठी तारीख हलवली की दोघं गळतात, हे ठरलेलं.

तारखा काढण्याआधी पंचांग आणि शाळेचं वेळापत्रक दोन्ही समोर ठेवा. लग्नाच्या दाट तिथ्या टाळा. त्या दिवशी मित्रही अडकलेले असतात आणि साताऱ्याजवळच्या रिसॉर्टवाल्यांकडे वऱ्हाड उतरलेलं असतं. सहामाही आणि वार्षिक परीक्षेआधीचे दोन आठवडे टाळा, नाहीतर आया येणार नाहीत. सप्टेंबरमध्ये गणपतीचे दिवस आणि पितृपक्ष बघून घ्या. ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या एका रविवारी सातारा हिल हाफ मॅरेथॉन असते. धावण्याचा मार्ग यवतेश्वर घाटातूनच जातो, त्यामुळे त्या सकाळी कासकडे गाडी जात नाही आणि आदल्या रात्री शहरात खोली मिळत नाही. वाईकडे मुक्काम करणार असाल तर पौष पौर्णिमेच्या सुमाराची मांढरदेवीची यात्रा आणि रंगपंचमीचं बावधनचं बगाड हे दिवस सोडून द्या. यात्रेलाच जायचं असेल तर गोष्ट वेगळी.

पैसे आधी, "येतो" नंतर

भेट फसते ती बहुतेक वेळा इथे. चोवीस जण हो म्हणतात, त्या हिशोबाने जागा घेतली जाते आणि प्रत्यक्षात एकोणीस येतात. उदाहरण म्हणून आकडे घ्या. मुक्काम ३०,००० रुपये, गाडी १२,०००, आचारी आणि मदतनीस ३,६००, म्हणजे ४५,६०० रुपये असे की ते कितीही जण आले तरी द्यावेच लागतात. चोवीस जणांत ते माणशी १,९०० होतात, एकोणीस जणांत २,४००. वरचे पाचशे रुपये जे आले त्यांच्या खिशातून जातात आणि भेटीला कडवट चव येते.

म्हणून खर्चाचे दोन भाग करा. जागा, गाडी, आचारी हा पक्का खर्च. जेवण, नाश्ता, तिकिटं हा माणशी खर्च. पक्क्या खर्चाला येण्याची आशा असलेल्या आकड्याने नव्हे, त्याच्या ऐंशी टक्क्यांनी भागा. पंचवीस हो म्हणाले तर वीसने. त्यात माणशी खर्च मिळवला की होते ती आगाऊ वर्गणी. तिची शेवटची तारीख सहा आठवडे आधीची ठेवा आणि एवढं स्पष्ट लिहा: आला नाहीत तर पक्क्या खर्चाचा भाग परत मिळणार नाही, जेवणाचा मिळेल. जास्त जण आले तर उरलेली रक्कम परत जाते, त्याने कुणाचं बिघडत नाही.

पैसे एकाच्याच यूपीआयवर घ्या आणि त्याने त्या कामासाठी शक्यतो वेगळं, रिकामं खातं वापरावं. स्वतःच्या पगाराच्या खात्यात चोवीस जणांचे पैसे मिसळले की महिन्याभराने हिशोब लागत नाही. कुणी भरले, कुणी नाही याची यादी दर रविवारी ग्रुपवर. फक्त भरलेल्यांची नावं टाका. न भरलेल्यांची नावं चारचौघांत लिहू नका, त्यांना फोन करा.

कोणत्या ऋतूत कुठे

सातारा शहर सोडताना समर्थ मंदिराजवळ दोन वाटा फुटतात. एक यवतेश्वर घाट चढून कासला आणि पुढे बामणोलीला जाते, दुसरी बोगद्यातून सज्जनगड, ठोसेघर आणि चाळकेवाडीकडे. एका दिवसात दोन्ही वाटा करायच्या नाहीत. हा एवढा नियम पाळलात तरी निम्मी धावपळ वाचते.

कासचं पठार शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर. फुलं साधारण ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. पाऊस आणि ऊन कसं पडतं त्यावर आठ-दहा दिवस मागेपुढे होतं, म्हणून फुलांसाठीच येणार असाल तर सप्टेंबरचा मधला काळ धरा. तेरडा, सोनकी, गेंद, मिकी माउस म्हणून ओळखली जाणारी पिवळी स्मिथिया ही नेहमीची मंडळी. टोपली कारवी मात्र सात वर्षांतून एकदाच फुलते. २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यात कास आहे, आणि तेव्हापासून शनिवार-रविवारी गर्दी प्रचंड. हंगामात प्रवेशाची नोंदणी ऑनलाइन करावी लागते. वीस जणांची एकाच वेळची नोंदणी दोन-तीन आठवडे आधी करून ठेवा. सकाळी सातच्या आत शहर सोडा. नऊनंतर घाटात गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. छत्री नको, वाऱ्यात उलटते, रेनकोट घ्या. पेट्रोल-डिझेल शहरातच भरून निघा.

ठोसेघरचा धबधबा जुलै ते ऑक्टोबर. डिसेंबरात गेलात तर धार बारीक झालेली दिसेल. सज्जनगड त्याच रस्त्यावर, शहरापासून पंधरा किलोमीटरच्या आसपास. सकाळी ठोसेघर, परतताना गडावर समर्थांच्या समाधीचं दर्शन आणि दुपारचा महाप्रसाद, हा दिवस पावसाळ्याच्या शेवटी अतिशय छान जातो, खर्चही फारसा नाही. गाडी बरीच वर जाते, तरी पुढे पायऱ्या आहेत. गुडघेदुखीवाल्यांना आधी सांगा, म्हणजे ते गोळी आणि काठी घेऊन येतील.

वासोट्याचं नाव प्रत्येक ग्रुपवर निघतं. कॉलेजात असताना चढलेला किल्ला पुन्हा चढायची ऊर्मी चांगली आहे, पण पंचवीस जणांच्या भेटीसाठी वासोटा घेऊ नका. बामणोलीहून शिवसागर जलाशयातून तास-दीड तास बोट, मग दाट जंगलातून दोन तासांची चढण आणि अंधाराच्या आत परत. किल्ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. वनविभागाची परवानगी आणि ओळखपत्रं लागतात, प्लास्टिकच्या वस्तू मोजून नेऊ देतात, आत मुक्काम करता येत नाही आणि पावसाळ्यात बंद असतो. एकाचा पाय मुरगळला तर सगळ्यांचा दिवस तिथेच संपतो. ज्यांना जायचंच आहे अशा सहा-सात जणांनी शुक्रवारीच येऊन उरकावं आणि शनिवारी दुपारी बाकीच्यांना येऊन मिळावं. इतरांना बामणोलीला बोटीची तासाभराची फेरी पुरते. लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालायचं, पोहता येणाऱ्यांनीसुद्धा. जलाशयात उतरायचं नाही. काठ गाळाचा आहे आणि दोन पावलांवर खोली एकदम वाढते.

डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत मात्र पूर्वेकडे वळा. खटाव, माण, पलीकडे सांगली जिल्ह्यातले आटपाडी आणि जत, हा शाळूचा, म्हणजे रब्बी ज्वारीचा पट्टा. वर्गात कुणाचं तिकडे शेत असेल तर हुरड्यासारखी भेट दुसरी नाही. वाफ असते तोवरच हुरडा चांगला, गार झाला की चिवट होतो. म्हणून एका चोळणाऱ्याच्या हाताखाली सात-आठच जण बसवा. वीस जणांना तीन चोळणारे आणि दोन आगट्या, म्हणजे कणसं भाजायच्या शेकोट्या हव्यात. गोवऱ्या आदल्या दिवशी झाकून ठेवा, दवाने ओल्या झाल्या की नुसता धूर होतो. माणशी पावशेर हुरडा धरा. सोबत शेंगदाण्याची आणि तिळाची चटणी, गूळ, घट्ट दही, वरून ताक. हुरड्यावर लगेच पोटभर जेवण ठेवू नका. दहाला हुरडा बसला तर जेवण दोनला, तेही पिठलं-भाकरी एवढंच.

कॉलेज सांगलीचं असेल तर मुक्काम तिथेच करावा. गणपती मंदिर, हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम, संध्याकाळी घाटावर भडंग घेऊन बसणं, एवढ्यात दिवस भरतो. दुसऱ्या सकाळी सागरेश्वर किंवा मिरजेजवळचा दंडोबा. फक्त जुलै-ऑगस्ट टाळा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी आणि ४५ फुटांवर धोका पातळी. तेवढ्यात रस्ते बंद व्हायला लागतात आणि स्थानिक मित्रांचं लक्ष घर रिकामं करण्याकडे असतं.

मुक्कामाची जागा बघताना

फोटो बघून आगाऊ रक्कम भरू नका. स्थानिक मित्राने जाऊन हे बघावं: चार-पाच जणांमागे एक संडास-न्हाणीघर आहे का, गरम पाणी सोलरचं आहे की गॅसचं (पावसाळी दिवसांत सोलरवर पंचवीस आंघोळी होत नाहीत), वीज गेली तर जनरेटर कशाकशाला पुरतो, सगळे एकत्र गोल बसू शकतील अशी छप्पर असलेली जागा आहे का. शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. खोल्या देखण्या आणि एकत्र बसायला जागाच नाही, अशा ठिकाणी रात्री नऊनंतर चार-चार जणांचे कंपू होतात.

बायकांच्या खोल्या एका बाजूला, आतून कडी असलेल्या, स्वतंत्र न्हाणीघराच्या असाव्यात. काही जणींना रात्री राहणं जमत नाही. त्यांच्यासाठी "फक्त शनिवार" किंवा "फक्त रविवार" अशी वर्गणी वेगळी ठेवा आणि सगळ्यात महत्त्वाचा कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत घ्या. मुलाबाळांना, जोडीदाराला आणायचं की नाही हे पहिल्याच दिवशी ठरवा. पहिली भेट फक्त वर्गाचीच बरी. घरचे आले की प्रत्येक जण त्यांच्याच व्यवस्थेत गुंततो.

उघड्यावर स्पीकर रात्री दहानंतर बंद, हा कायदा आहे. कास-बामणोलीच्या बाजूला मोबाइलला रेंज जेमतेम मिळते, म्हणून तिकडे राहणार असाल तर जागेच्या मालकाचा नंबर घरच्यांना देऊन ठेवा.

दारूबद्दलही आधीच बोला. पिणारे-न पिणारे दोन्ही असतात, आणि संध्याकाळची बैठक सुरुवातीपासून बाटल्यांभोवती लावली की न पिणारे आणि बायका साडेआठला उठून जातात. आधी सगळ्यांच्या गप्पा आणि जेवण, ज्यांना बसायचं त्यांनी नंतर वेगळं बसावं. त्याचा खर्च सामाईक वर्गणीत धरायचा नाही. गडावर, पठारावर, बोटीवर बाटली नेऊ नये. गाडीची किल्ली ज्याने घेतली नाही त्याच्याकडे, दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा.

गाड्या

पुण्याहून येणाऱ्यांना स्वारगेट-सातारा विनाथांबा एसटी सोयीची. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. रेल्वेने येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की सातारा स्टेशन शहरात नाही, माहुलीला आहे, आणि मुंबईहून निघणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस इथे रात्री अडीच-तीनच्या सुमारास येते. त्या वेळी कुणीतरी आणायला लागतं.

साताऱ्यात आल्यावर मात्र सगळ्यांनी एकाच गाडीत बसावं. सात कारमध्ये विभागलात तर सात वेगळ्या सहली होतात. वीस जणांना सतरा सीटर टेम्पो ट्रॅव्हलर आणि एक कार. पंचविसाच्या पुढे गेलात तर एसटीच्या आगारात प्रासंगिक करारावर गाडी मिळते का ते विचारा, अर्ज आणि अनामत आधी भरावी लागते. खासगी गाडी घेताना नंबरप्लेट पिवळी आहे ना ते बघा. पांढऱ्या प्लेटची गाडी भाड्याने घेतली आणि अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. भाडं ठरवताना टोल, पार्किंग, चालकाचा रात्रीचा भत्ता आणि जेवण कोणाकडे हे लिहून घ्या. चालकाला झोपायला नीट जागा द्या. रात्रभर गाडीत अवघडून झोपलेला माणूस सकाळी घाट चढवणार असतो.

जेवण

मटणाचा बेत शनिवारी रात्री ठेवायचा की नाही, हा प्रश्न आधी सोडवा. शनिवार पाळणारे वर्गात चार-पाच तरी निघतात. चतुर्थी-एकादशी, श्रावण, नवरात्र असेल तर आकडा आणखी वाढतो. शनिवारी रात्री सगळ्यांसाठी शाकाहारी आणि रविवारी दुपारी मटण, हा क्रम चांगला. मात्र रविवारचं जेवण साडेबाराला पानात पडलं पाहिजे, म्हणजे गाडी चालवणाऱ्यांना तासभर आडवं होता येतं.

वीस जणांचं प्रमाण असं धरा. सकाळचे पोहे: दीड किलो पोहे, किलोभर कांदे, पावशेर शेंगदाणे. मिसळ करायची तर किलोभर मटकी आदल्या दिवशी सकाळी भिजवून रात्री बांधून ठेवलेली, किलोभर फरसाण, साठ पाव. शनिवार रात्रीसाठी वांग्याचं भरीत, पिठलं, ठेचा, भाकरी, आमटी-भात. भरताला साडेतीन किलो मोठी वांगी लागतात. भाजून सोलल्यावर वजन बरंच उतरतं, हे न कळल्यामुळे भरीत हमखास कमी पडतं. भाकरी माणशी तीन म्हणजे साठ. किलोभर पिठात मध्यम आकाराच्या दहा-अकरा होतात, तेव्हा सहा किलो पीठ, आणि ते ताजं दळलेलं. जुन्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना कडा चिरतात. एका हाताने तासाला पंचवीस-तीस भाकरी होतात, म्हणून भाकरी करणाऱ्या दोन मावशी सांगा, म्हणजे शेवटच्या पंगतीलाही गरम मिळेल. भात दीड किलो तांदळाचा पुरतो.

मटण खाणाऱ्यामागे पाव किलो, हाडासकट. चौदा खाणारे तर साडेतीन किलो. शुक्रवारीच सांगून ठेवा, रविवारी सकाळी दुकानापुढे रांग असते आणि हवा तो भाग मिळत नाही. शाकाहाऱ्यांचं भांडं, पळी आणि वाढणारा माणूस वेगळा. रस्सा एकाच पळीने ढवळला गेला की चार जण उपाशी उठतात. महाबळेश्वरला मुक्काम असेल तर शिजवायला जास्त वेळ धरा. साडेतेराशे मीटर उंचीवर पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात मटण आणि डाळ दोन्ही रेंगाळतात. कुकर न्या.

चहाचा हिशोब सगळे चुकवतात. वीस कपांच्या एका फेरीला सव्वा लिटर दूध, पावशेर साखर, पन्नास-साठ ग्रॅम चहा पावडर. दोन दिवसांत पाच फेऱ्या सहज होतात, म्हणजे सहा-सव्वासहा लिटर दूध. निम्म्यांना एव्हाना बिनसाखरेचा लागतो, त्याची किटली वेगळी. पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे तीन जार रोजचे.

दोन दिवसांचा क्रम

शनिवारी कॉलेजला जायचं असेल तर सकाळी अकराला तिथेच जमा. रविवारी फाटक बंद असतं आणि पहारेकऱ्याशी हुज्जत घालण्यात मजा नाही. प्राचार्यांना पंधरा दिवस आधी पत्र द्या: किती जण, किती वेळ, कोणता वर्ग उघडून हवा. जुन्या बाकांवर बसायला मिळालं की पहिल्या दहा मिनिटांतच अवघडलेपण जातं. त्यासाठी वेगळे खेळ, स्पर्धा, सूत्रसंचालन काही लागत नाही.

दुपारी जेवून मुक्कामी. चारला शिक्षकांचा सत्कार. तीन-चार सरांना आणि बाईंनाच बोलवा, पण घरी जाऊन, बसून बोलवा. त्यांची वयं सत्तर-ऐंशीच्या घरात असतात, म्हणून आणायला-सोडायला एक विद्यार्थी आणि एक कार त्यांच्यासाठीच राखून ठेवा. हाताच्या खुर्च्या, पहिल्या मजल्यावर चढायला लागणार नाही अशी जागा, कार्यक्रम सव्वा तासाचा. शाल-श्रीफळ असू दे, पण त्यांना जास्त आनंद होतो तो आपण आज काय करतो ते ऐकून. प्रत्येकाने उभं राहून दोन मिनिटांत नाव, गाव, काम सांगावं. एखाद्याने पदव्या आणि बंगले मोजायला सुरुवात केली तर सूत्र हातात असलेल्याने हसत पुढचं नाव पुकारावं. वर्गातले जे गेले त्यांची नावं याच वेळी घ्या आणि दोन मिनिटं उभे राहा. नावं आधी तपासा. कुणाचं राहिलं तर जवळच्या मित्राला फार लागतं.

सहानंतर काहीही ठरवू नका. ज्यांना शहरात चक्कर मारायची ते राजवाड्यावर चौपाटीला जातील, येताना मोती चौकातून कंदी पेढे घेतील. रविवारी सकाळसाठी खरेदी ठेवली की ती निघण्याच्या घाईत राहते.

रविवारी सकाळी ठरलेलं एक ठिकाण, साडेबाराला जेवण, दोनला ग्रुप फोटो. पुण्या-मुंबईकडे जाणाऱ्यांनी अडीचपर्यंत निघावं. रविवारी संध्याकाळी महाबळेश्वर-कासची सगळी गर्दी एकाच वेळी महामार्गावर येते आणि खंबाटकी घाटापासून खेड शिवापूरच्या टोलनाक्यापर्यंत रांगा लागतात. अडीचची वेळ हुकली तर सरळ रात्री आठनंतर निघा. वेळ असेल तर लिंब गावाजवळची बारा मोटेची विहीर वाटेत बघता येते. महामार्गापासून थोडं आत जावं लागतं, अर्धा तास पुरतो.

औषधांची एक पेटी गाडीत ठेवा: ओआरएस, उलटीची गोळी, बँडेज, रक्तदाब मोजायचं यंत्र. मधुमेहवाल्यांच्या खिशात बिस्किटं असू द्या, कारण अशा दिवशी जेवण अर्धा-पाऊण तास पुढे ढकललं जातंच. रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८.

घरी गेल्यावर

दोन दिवसांत हिशोब ग्रुपवर टाका, प्रत्येक पावतीच्या फोटोसकट. उरलेले पैसे माणशी पन्नास रुपयांपेक्षा जास्त असतील तर परत करा, कमी असतील तर "पुढच्या भेटीचा निधी" म्हणून नोंदवून ठेवा. फोटो सामाईक फोल्डरमध्ये चढवा, पण फेसबुकवर टाकण्याआधी ज्या-ज्या जणी फोटोत आहेत त्यांना विचारा. जे येऊ शकले नाहीत त्यांना आठवड्याभरात फोन करा आणि पुढच्या वेळच्या तिघांची नावं याच आठवड्यात घ्या. आचारी, गाडीवाला, जागेचा मालक यांचे नंबर आणि या वेळी किती भाकरी उरल्या, किती दूध कमी पडलं ही नोंद त्या तिघांकडे सोपवा.